संत्र्याच्या सालीपासून जखमेची पट्टी : प्रयोगशाळेत आणि पेटंटच्या अर्जात या चुका टाळा

सालीतलं पेक्टिन आणि कोळंबीच्या कवचापासून बनवलेलं कायटोसान मिळून जखमेवर लावायची फिल्म करायची, ही कल्पना नागपुरातल्या संशोधकाला सुचणं साहजिक आहे, संत्री इथलीच. अडचण पुढे येते. पेटंटचा परीक्षक दोन वर्षांनी जे विचारतो, त्याचं उत्तर फिल्म ओतली त्या दिवशीच्या वहीत असावं लागतं. म्हणून चुका प्रयोगाच्या क्रमानेच घेऊ.

कॅल्शियम टाकलं, तरी जेल धरत नाही

सालीपासून गरम आम्लात काढलेलं पेक्टिन बहुतेक वेळा हाय-मेथॉक्सिल असतं, म्हणजे त्यातले निम्म्याहून जास्त आम्लगट मिथाइलने झाकलेले असतात. ते साखर आणि आंबटपणात घट्ट होतं. मुरंबा धरतो तो त्यामुळेच. कॅल्शियमला पकडायला मोकळे आम्लगट लागतात. इथे अनेक जण कॅल्शियम क्लोराइड वाढवत जातात, त्याने काहीच होत नाही. आधी एस्टरचं, म्हणजे झाकलेल्या गटांचं प्रमाण मोजा. ५०% च्या वर असेल तर द्रावण बर्फाच्या पाण्यात थंड ठेवून, अल्कली थेंबथेंब घालून मिथाइल गट काढा. गरम द्रावणात अल्कली ओतलीत तर पेक्टिनच्या साखळ्याच तुटतात, द्रावण पातळ पडतं आणि मग ती बॅच सुधारत नाही.

दोन द्रावणं एकत्र केली की गुठळ्या

कायटोसानवर धन भार, पेक्टिनवर ऋण; भेटताच दोघं चिकटतात आणि पांढऱ्या गुठळ्या होतात. पेक्टिनच्या द्रावणाचा पीएच ३ च्या खाली आणा, म्हणजे त्याचे आम्लगट बरेचसे शांत राहतात. मग जोरात ढवळत कायटोसान थेंबाथेंबाने सोडा. कायटोसान विरघळवताना घाई नको: १०० मिली १% अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्ये २ ग्रॅम, रात्रभर ढवळून, सकाळी गाळून. बाटलीवरचा लॉट क्रमांक आणि डीअ‍ॅसिटिलेशनची टक्केवारी (कवचातल्या कायटिनचे किती अ‍ॅसिटिल गट काढले आहेत ती) वहीत उतरवा. पुढच्या बाटलीत ती ८५ ऐवजी ७५ निघाली तर तुमची फिल्म वेगळी वागेल आणि कारण सापडणार नाही.

मे महिन्यातली फिल्म आणि जुलैतली फिल्म

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि हवा कोरडी ठाक असते. पेट्री डिशमधली फिल्म कडेने वळते, तडकते. जुलैत तीच फिल्म बोटाला चिकटते. त्यात प्रयोगशाळेत कूलर चालू असेल तर उन्हाळ्यातही दुपारची आर्द्रता सकाळपेक्षा वेगळी. अशा फिल्मच्या ताणबळाचे आकडे एकमेकांशी ताडण्यात अर्थच नसतो. उपाय स्वस्त आहे: डेसिकेटरच्या (झाकणाच्या हवाबंद भांड्याच्या) तळाशी मॅग्नेशियम नायट्रेटचं संपृक्त द्रावण ठेवा. २५ अंशांना आत सुमारे ५३% आर्द्रता राहते. कोणतीही चाचणी करण्याआधी फिल्म त्यात ४८ तास ठेवा. ठिसूळपणासाठी ग्लिसरॉल वापरत असाल तर पॉलिमरच्या वजनाच्या २० ते ३०% पासून सुरुवात करा आणि प्रमाण नेमकं लिहा. ‘थोडं ग्लिसरॉल’ असं वहीत असेल तर पेटंटचा दावा उभा राहत नाही.

फिल्मसोबत पीएलजीए, म्हणजे शरीरात हळूहळू तुटणारा कृत्रिम पॉलिमर, वापरणाऱ्यांनी उन्हाळ्यात आणखी जपावं. त्याचं काच-संक्रमण तापमान, म्हणजे ज्याच्या वर तो मऊ पडतो ते, ४५ ते ५० अंशांच्या घरात आहे, ओल लागली की त्याहून खाली येतं. उन्हात तापलेल्या कुरिअरच्या गाडीतून आलेले सूक्ष्मकण एकमेकांना चिकटून ढेकूळ झालेले असू शकतात. फ्रीझरमधली बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका. थंड पावडरवर बाष्प बसतं आणि पॉलिमर तिथूनच तुटायला लागतो.

पेशी मरतात, किंवा संशय यावा इतक्या जगतात

नुसत्या कायटोसानची फिल्म पाण्यात विरघळते आणि चाचणीतल्या पेशीही मारते, या दोन्हींचं कारण एकच: आत उरलेलं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड. ०.५ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये अर्धा तास ठेवून, धुवण्याचं पाणी पीएच ७ ला येईपर्यंत धुवा. पेक्टिन मिसळलेल्या फिल्मला मात्र हा झटका देऊ नका. तिला बफरमध्ये, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, पुन्हा पुन्हा धुवा.

सालीच्या बाबतीत खरा घात एमटीटी चाचणीत होतो. किती पेशी जगल्या हे ती रंगावरून मोजते. जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीचं जांभळं फॉर्मझान करतात. सालीतले फ्लेव्होनॉइड आणि क जीवनसत्त्वही तेच करतात, पेशींशिवाय. मग अहवालात १३०% पेशी जिवंत दिसतात आणि सगळे खूश होतात. चाचणीच्या प्लेटमधल्या पेशी नसलेल्या खळग्यात तुमचा अर्क (फिल्म माध्यमात भिजवून मिळणारा द्रव) आणि एमटीटी घालून पाहा. रंग जांभळा झाला तर एमटीटी घालण्याआधी पेशी बफरने दोनदा धुवा आणि ताजं पोषक माध्यम द्या.

अर्क काढतानाही नियम पाळा. आयएसओ १०९९३ हे वैद्यकीय साधनांच्या जैविक चाचणीचं आंतरराष्ट्रीय मानक; त्याच्या भाग १२ प्रमाणे ०.५ मिमीपेक्षा पातळ फिल्मला दर मिली माध्यमाला ६ चौ. सेमी पृष्ठभाग. ३७ अंशांना २४ तास ही नेहमीची पद्धत. तुमची फिल्म पाणी पिते, म्हणून ती किती पिते हे आधी मोजून तेवढं माध्यम वर घाला. नाहीतर अर्कच उरत नाही. त्याच मानकाच्या भाग ५ मध्ये जिवंत पेशी ७०% च्या खाली गेल्या की पदार्थ विषारी धरला जातो.

जंतुनाशक गुण दाखवायला जंतूंच्या थाळीत चकतीभोवती दिसणारं मोकळं वर्तुळ पुरावा समजू नका. कायटोसान अगारमध्ये (जंतू वाढवायच्या जेलमध्ये) फारसं पसरत नाही. दिसलेलं वर्तुळ बऱ्याचदा अ‍ॅसिडचं असतं. नुसत्या अ‍ॅसिडची चकती शेजारी ठेवा आणि थेट संपर्कानंतर वसाहती मोजा. निर्जंतुकीकरणासाठी पीएलजीए ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका, १२१ अंशांच्या वाफेत ते टिकत नाही.

आधी पोस्टर, मग पेटंट

सगळ्यात महाग चूक हीच. परिषदेतलं पोस्टर, प्रीप्रिंट, खुली मौखिक परीक्षा, शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर चढवलेला प्रबंध, यांतलं काहीही तुमच्याच अर्जाविरुद्ध वापरलं जाऊ शकतं. पेटंट कायद्याच्या कलम ३१ मध्ये १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती मोजक्या प्रसंगांपुरती, जसं विद्वत्सभेत वाचलेला निबंध. तिच्यावर विसंबून राहू नका. युरोपात तीही चालत नाही. तात्पुरतं विवरणपत्र (प्रोव्हिजनल स्पेसिफिकेशन) आधी दाखल करा, मग परिषदेला जा. पूर्ण विवरणपत्र १२ महिन्यांच्या आत गेलं पाहिजे. परदेशात आधी अर्ज करायचा असेल तर कलम ३९ ची परवानगी लागते.

दावे लिहिताना ‘जखम बरी करण्याची पद्धत’ असं लिहू नका. उपचारपद्धती कलम ३(आय) मध्ये बाद होते. मिश्रण, फिल्म, तिची बनवण्याची रीत यांवर दावा करा. मिश्रणाला कलम ३(ई) आडवं येतं: दोन पदार्थांचे गुण नुसते बेरजेने आले तर पेटंट नाही. म्हणून नुसतं पेक्टिन, नुसतं कायटोसान आणि दोन्ही मिळून, असे तिन्ही आकडे एकाच दिवशी, एकाच लॉटमधून घ्या. १:१ हे एकच प्रमाण तपासून १०:९० ते ९०:१० असा दावा केलात तर परीक्षक उदाहरणं मागणार.

साल कचरा आहे म्हणून जैवविविधता कायदा लागू नाही असं गृहीत धरू नका. पेटंट अर्जाच्या फॉर्म १ मध्ये भारतीय जैविक सामग्रीबद्दल निवेदन करावं लागतं. राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची बाब अर्जाआधीच विचारून घ्या, कारण ती राहिली तर पेटंट मिळताना अडतं. प्राण्यांवरच्या चाचणीला प्राणी-नीतिसमितीची मंजुरीही आधीच हवी.

शैक्षणिक संस्थेला ऑनलाइन अर्जाचं शुल्क १,६०० रुपये आहे, त्यात ३० पानं आणि १० दावे येतात. तपासणीची विनंती, म्हणजे फॉर्म १८, वेगळी करावी लागते. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना तिची मुदत अग्रक्रम तारखेपासून, म्हणजे पहिला अर्ज दाखल केल्यापासून, ३१ महिने आहे. ती चुकली की अर्ज मागे घेतला असं धरलं जातं. महाराष्ट्राचे अर्ज मुंबई कार्यालयाकडे जातात, पण नागपुरातच सिव्हिल लाइन्सला राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे. तिथल्या प्रशिक्षणाला पहिला दावा लिहायच्या आधी जा, वही बरोबर घेऊन.