पक्षाघाताच्या पेशंटला घरी कसं भरवावं, म्हणजे छाती भरणार नाही

पेशंट घरी आला की पहिला प्रश्न असतो, हात कधी हलेल. दुसरा, मालिशला कोणतं तेल. छातीबद्दल कोणी विचारत नाही. सिंधुदुर्गात घरोघरी जाऊन अशा पेशंटचं करताना मी जे पाहिलंय ते सरळ सांगते: हात-पाय सावरायला वेळ मिळतो, न्यूमोनिया वेळ देत नाही.

तो इतका सहज का होतो, ते आधी समजून घ्या. मग पुढच्या कटकटी कराव्याशा वाटतील. मेंदूला इजा झाली की शरीर घाबरल्यासारखं वागतं. ॲड्रेनलिनसारखी रसायनं आणि कॉर्टिसोल रक्तात वाढतात, आणि त्यांच्या हुकमाने रोगप्रतिकारशक्ती खाली बसते. जंतूंशी लढणाऱ्या लिंफोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी पहिल्या दिवसापासूनच घटतात, उरलेल्या मंदावतात. झटका जितका मोठा, तितकी ही घट जास्त, आणि ती भरून यायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. बर्लिनच्या संशोधकांनी 2003 मध्ये उंदरांवर हेच दाखवलं: पक्षाघात झालेल्या उंदरांना आपोआप न्यूमोनिया झाला, आणि ॲड्रेनलिनचा परिणाम अडवणारं औषध दिल्यावर तो टळला. दुखावलेल्या मेंदूवर आपल्याच पेशींनी हल्ला करू नये म्हणून शरीर असं करत असावं, असा एक अंदाज आहे. कारण काहीही असो, पहारा ढिला असतानाच गिळण्याचे स्नायूही ढिले पडतात. एरवी चुकून श्वासनळीत गेलेला घोट माणूस खोकून बाहेर काढतो, किंवा आतल्या पेशी निस्तरतात. आता दोन्ही बंद.

‘आधीच अँटिबायोटिक सुरू करा’ हा सल्ला देणारे शेजारी प्रत्येक वाडीत असतात. नेदरलँड्समध्ये 2,500 हून जास्त रुग्णांवर हे करून पाहिलं, 2015 मध्ये निष्कर्ष आले. लघवीचे संसर्ग कमी झाले, न्यूमोनिया तेवढाच राहिला, आणि पेशंट किती सावरला यात फरक पडला नाही. गुळवेलीचा काढा, पारव्याचं मटण वगैरेंबद्दल मी वाद घालत नाही. एवढंच म्हणते, काढा पाण्यासारखा पातळ असतो आणि तो नेमका श्वासनळीत जातो.

1. डिस्चार्जच्या आधी

गिळण्याची तपासणी झाली का ते विचारा, आणि अन्न-पाणी किती घट्ट द्यायचं ते कागदावर लिहून घ्या. हॉस्पिटल ओरोसचं असो, डेरवणचं असो की बांबोळीचं, कागद हातात आल्याशिवाय गाडीत बसू नका. गोळ्या कुटून चालतील का हेही त्याच वेळी विचारा. काही गोळ्या कुटायच्या नसतात.

2. तोंड

दिवसातून निदान दोनदा दात, जीभ, टाळू मऊ ब्रशने स्वच्छ. कवळी रात्री काढायची, धुवायची. मिश्री बंद, कितीही मागू देत. नाकातून नळी असली तरी तोंड धुवायचंच. नळीने अन्न पोटात जातं, पण लाळ घशातच असते, आणि घाण तोंडातली लाळ फुफ्फुसात उतरणं हेच खरं भय. नळीच्या पेशंटचं डोकं 30 ते 45 अंश वर ठेवायचं, रात्रीसुद्धा.

3. बसवणं

ताठ, शक्यतो खुर्चीत, पाय जमिनीला टेकलेले. कमकुवत बाजूला उशीचा आधार. जेवणानंतर अर्धा तास तसंच बसवून ठेवा.

4. पेज

इथे थांबा, कारण इथेच घोळ होतो. मलाही हे हाताला बसायला बरेच दिवस लागले.

आपल्याकडे आजारी माणूस म्हटला की उकड्या तांदळाची पेज. ‘पेजेन काय होता? आजारपणात पेजच देतत,’ हे वाक्य मी प्रत्येक घरात ऐकते. तापाच्या माणसाला ठीक आहे. गिळता न येणाऱ्याला मात्र पेज म्हणजे ताटातला सगळ्यात अवघड पदार्थ. वर पातळ निवळ, खाली शितं. शितं चावायची म्हणून माणूस थांबतो, तेवढ्यात निवळ घशात धावते, आणि घसा बंद व्हायच्या आत ती श्वासनळीच्या तोंडाशी पोचलेली असते. दोन घट्टपणे एकाच घासात, हे अशा पेशंटला झेपत नाही. आमटीत बुडवलेला भात, दुधात कुस्करलेली पोळी, चहात बुडवलेलं बिस्कीट, सगळे त्याच जातीतले. सोलकढी आणि तिवळ तर नुसतं पाणी.

पेज सोडायची गरज नाही, बदलायची आहे. शितं पार मोडेपर्यंत शिजवा. निवळीसकट मिक्सरमधून काढा, गाळा. मग थंड पाण्यात कालवलेलं नाचणीचं पीठ घालून पुन्हा मंद आचेवर ढवळत राहा. गुठळी राहिली तर पुन्हा गाळायचं, कंटाळा करायचा नाही.

आता परीक्षा. चमचाभर घ्या आणि चमचा तिरका करा. पेज एका गोळ्याने सरकून पडली पाहिजे. धार लागली तर पातळ. चमच्याला चिकटून बसली, झटकावी लागली, तर फार घट्ट. तीही वाईट, ती घशात चिकटून राहते आणि जेवण संपल्यावर हळूच खाली उतरते. ही परीक्षा भांडं उतरवल्यावर एकदा आणि भरवायच्या ऊनपणावर आल्यावर पुन्हा करायची. नाचणी गार होता होता आळते. नुसती तांदळाची पेज उलट ठेवून दिली की पाणी सोडते. गॅसवर बरोबर वाटलेली पेज वाटीत बरोबर असेलच असं नाही.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. पेशंटच्या तोंडातला चमचा त्याच वाटीत बुडवत राहिलात तर लाळ वाटीत जाते, आणि लाळेतलं पाचक द्रव्य पिठूळ घट्टपणा मोडतं. अर्ध्या जेवणानंतर पेज पातळ झालेली दिसते ती यामुळे. दोन वाट्या घ्या, थोडं थोडं काढून घ्या.

पाणी हवंच. तेही कागदावर लिहिलंय तेवढं घट्ट करून. केमिस्टकडे घट्ट करायची पावडर मिळते, महाग आहे. गम, म्हणजे डिंकासारखा घटक, असलेली घेतली तर लाळेने पातळ होत नाही. दिवसभरात पुरेसं पाणी जात नसेल तर डॉक्टरांना सांगा, पण म्हणून तांब्या तोंडाला लावू नका.

कुळथाची पिठी गाळून घट्ट केली तर उत्तम, प्रथिनंही मिळतात. हापूसचा रस चाळणीतून काढून चालतो, साखरेचा आजार असेल तर मोजून. रायवळ नको, धागे असतात. माशांचा हट्ट होणारच. बांगडा आणि तारली विसरा. मोरीला, म्हणजे लहान शार्कला, बारीक काटे नसतात. शिजवून, कुर्ची काढून, घट्ट वाटणात मिक्सरला लावली तर माणूस निदान जेवल्यासारखा जेवतो. पण कागदावर ‘मऊसूत, गुठळीविना’ असं असेल, तरच.

5. भरवणं

लहान चमचा, अर्धा भरलेला. चांगल्या बाजूने द्यायचा. हनुवटी वर करून घशात ओतणं हा गुन्हा समजा. एका घरात तर म्हाताऱ्या सासूबाईंना झोपवून, नातवाच्या बोंडल्याने निवळ पाजताना मी पाहिलंय. मान किती झुकवायची, वळवायची का, हे ज्याने तपासलं त्याला विचारा, सगळ्यांना एकच नियम नाही.

घास गिळला, कंठ वर जाऊन खाली आला, मग ‘आ’ म्हणायला सांगा. आवाज ओला, गुळगुळ आला तर घशात काहीतरी उरलंय. पुन्हा गिळायला लावा, पुढचा घास थांबवा. ठसका आला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. पुष्कळ पेशंटना घशाची जाणीवच गेलेली असते, अन्न चुकीच्या वाटेने गेलं तरी ते खोकत नाहीत. ओला आवाज, डोळ्यांत पाणी, जेवताना वाढलेला श्वास, हीच खूण. शेवटी कमकुवत बाजूचा गाल बोटाने तपासा, घास तिथे लपून बसतो.

ठसका लागलाच तर पुढे वाकवून खोकू द्या, पाणी पाजू नका. खोकला आणि आवाज दोन्ही बंद झाले, तर पुढे वाकवून दोन खवाट्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा, आणि दुसऱ्याने 108 लावायचा.

पेशंट झोपाळलेला असेल तर ते जेवण चुकवा. टीव्ही बंद. गप्पा बंद.

6. बाकीचं

दर दोन तासांनी कूस. लघवीची नळी गरज संपताच काढून मागा, पिशवी नेहमी कमरेच्या खाली. लवकरात लवकर बसवा, उभं करा, पडून राहिलेली छाती भरते. चुलीचा धूर त्या खोलीत नको.

7. पाहुणे

गणपतीत चाकरमानी येतात, बसमधली सर्दी घेऊन. ‘आबांना लांबूनच बघा’ म्हणायला घरच्यांना जड जातं, मी म्हणते. वाईटपणा माझ्याकडे. खोकणाऱ्याने खोलीत यायचं नाही, बाकीच्यांनी हात धुऊन. फ्लू आणि न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जंतूच्या लसी कधी द्यायच्या ते पुढच्या तपासणीला विचारा.

8. कधी पळायचं

ताप येईपर्यंत थांबू नका, म्हाताऱ्यांना येतोच असं नाही. शांत असताना श्वास मिनिटाला 24 च्या वर, बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन 94 च्या खाली, कालपेक्षा जास्त गुंगी, अचानक बरळणं, जेवण नाकारणं, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी डॉक्टर. ओठ निळे पडले, धाप लागली, तर थेट 108. आपल्या घाटीतून, खाडीच्या पलीकडून गाडी यायला लागणारा वेळ आधीच धरून चाला. डिस्चार्जचा कागद आणि औषधांची यादी दाराशी पिशवीत ठेवा. नव्या डॉक्टरला पहिलं वाक्य हे सांगायचं: पक्षाघात कधी झाला, आणि शेवटचा घास कधी, किती घट्ट दिला.

गिळणं सुधारतं, पुष्कळांचं पहिल्या काही आठवड्यांत. पण पातळ चहाची परवानगी पुन्हा तपासून मिळते, ‘आज बरे दिसतायत’ म्हणून नाही.