शाळेतला वाचनकट्टा: या चुका टाळा

गेली सात वर्षं पुण्यातल्या एका शाळेत महिन्यातून एका शनिवारी मी वाचनकट्टा भरवते. आठवी ते दहावीची मुलं असतात आणि त्यांच्यासोबत कुणाची आई, कुणाचे आजोबा, दोन शिक्षिका आणि पूर्वी मुख्याध्यापक असलेले एक काका. सगळ्यांनी एकच कादंबरी वाचायची आणि दीड तास बसून तिच्यावर बोलायचं, बस. दर जुलैत कुठल्या ना कुठल्या शाळेतून फोन येतो, ‘मॅडम, आम्ही पण सुरू केलं होतं, पण दोन महिन्यांत बंद पडलं.’ कारण विचारलं की दरवेळी तेच ते ऐकू येतं. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

मोठ्यांनी आधी तोंड उघडणं

बहुतेक कट्टे यानेच मरतात. पुस्तकं मिळाली नाहीत, वेळ जमली नाही, हे सगळं त्यानंतर येतं.

आमचं दुसरं वर्ष होतं आणि पुस्तक होतं ‘पाडस’. राम पटवर्धनांनी केलेला अनुवाद. मूळ कादंबरी 1938 सालची, अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या रानात घडणारी. ज्योडी नावाचा मुलगा हरणाचं पाडस पाळतो. पाडस मोठं होतं, शेतातलं पीक खाऊ लागतं आणि घरावर उपासमारीची वेळ येते. बाप अंथरुणाला खिळलेला असतो. तो मुलाला पाडसाला गोळी घालायला सांगतो, पण मुलाच्याने ते होत नाही. शेवटी आई बंदूक उचलते. तिला नेम धरता येत नाही, पाडस नुसतं जखमी होतं आणि उरलेलं काम ज्योडीलाच पुरं करावं लागतं.

वाचनालय दीडला बंद होतं म्हणून आम्ही प्रयोगशाळेत बसलो होतो. चौदा मुलं, नऊ मोठे. आठवीतली एक मुलगी, जिचा आवाज तोवर मी हजेरीपुरताच ऐकला होता, म्हणाली, ‘मला आईचा राग नाही आला. बाबा आजारी आणि मुलगा रडतोय, मग उरलं कोण? घरात जे काम कुणालाच नको असतं ते आईकडेच येतं.’

मी सात वर्षांत ऐकलेलं सगळ्यात चांगलं वाक्य हेच. त्यावर कुणी काही म्हणायच्या आत आमचे काका खाकरले. ‘तसं नसतं बाळ. इथे लेखकाला निसर्ग आणि मानव यांच्यातला संघर्ष दाखवायचा आहे. आई हे कठोर वास्तवाचं प्रतीक आहे.’ पुढची वीस मिनिटं आम्ही ते प्रतीक ऐकलं. काकांनी पुस्तक वाचलं होतं, पण चाळीस वर्षांपूर्वी. ‘लेखकाला, लेखकाला’ चाललं होतं, आणि ती कादंबरी लिहिलीय मार्जोरी किनन रॉलिंग्ज या बाईंनी. मुखपृष्ठ पाहिलं असतं तरी कळलं असतं. ती मुलगी स्टुलावर बसल्या बसल्या हळूहळू मागे सरकत होती हे मला दिसत होतं आणि मी काकांना थांबवलं नाही. वयाचा मान. पुढच्या तीन बैठकांना ती आली नाही.

काका दुष्ट नव्हते. आयुष्यभर वर्गात उत्तर सांगण्याचीच सवय, त्याला ते तरी काय करणार. पण तेव्हापासून माझ्याकडे खडूचा नियम आहे. दारातच प्रत्येक मोठ्या माणसाच्या हातात मी दोन खडू ठेवते. एकदा बोललं की एक खडू मधल्या टेबलावर. दोन्ही संपले की ऐकायचं. आणि पाच मुलं बोलून होईपर्यंत पहिलाही खडू ठेवायचा नाही. माणसं हसतात, जरा चिडतातही, पण हातात खडू असला की तोंड आपोआप आवरतं. यामागे शास्त्र वगैरे काही नाही, मला जमलं म्हणून सांगते.

त्याच दिवसापासून दोन प्रश्नांवर कायमची बंदी आहे: ‘यातून आपण काय शिकलो?’ आणि ‘लेखकाला काय सांगायचं आहे?’ हे प्रश्न विचारले की मुलं पेपरातलं उत्तर देतात, पाच गुणांचं, तीन मुद्द्यांचं. त्यांचा दोष नाही, आपणच त्यांना तसं घडवलंय. त्याऐवजी मी एक जुनी कंपासपेटी फिरवते. प्रत्येकानं चिठ्ठीवर एकच पान क्रमांक लिहून त्यात टाकायचा, जिथे राग आला, रडू आलं किंवा कंटाळून पुस्तक मिटलं ते पान. नाव लिहायचं नाही. मग एकेक चिठ्ठी काढून ते पान मोठ्यानं वाचायचं. चर्चा सुरू करायला यापेक्षा जास्त काही लागत नाही. आणि हो, मोठ्यांच्याही चिठ्ठ्या त्याच पेटीत.

सारांश पाहून येणं

याला मुलं जितकी जबाबदार तितकेच मोठेही. सिनेमा पाहून यायचं, नाहीतर दहा मिनिटांचा व्हिडिओ पाहून यायचं आणि सगळ्यांत जास्त बोलायचं. ‘शाळा’ ही कादंबरी घेतली तेव्हा निम्म्या मंडळींनी तिच्यावरचा 2012 चा सिनेमा पाहिला होता. सिनेमा जरूर बघा, मीही पाहिलाय. पण कादंबरी म्हणजे नुसतं कथानक असं ज्याला वाटतं त्यानं शनिवारी दुपारी झोप काढलेली बरी.

यावर प्रश्नमंजूषा घेऊ नका. परीक्षेचा वास आला की मुलं पळतात. मी सुरुवातीला फक्त विचारते, ‘कुठल्या पानापर्यंत?’ छत्तीस तर छत्तीस. पुस्तक पुरं न करणं हा माझ्याकडे गुन्हा नाही, खोटं बोलणं हा आहे. शेवट मात्र शेवटच्या अर्ध्या तासातच उघडायचा. ज्यांना आधी कळायला नको ते तेवढ्यापुरते व्हरांड्यात जाऊन उभे राहतात. गंमत म्हणजे व्हरांड्यात गेलेले पुढच्या महिन्यात हमखास पुस्तक संपवून येतात.

पालकांना अंधारात ठेवणं

‘शाळा’चाच किस्सा. मिलिंद बोकिलांची 2004 ची कादंबरी. नववीतला मुलगा, वर्गातल्या मुलीबद्दल वाटणारी ओढ, मित्रांच्या गप्पा आणि मागे आणीबाणीचा काळ. नववीच्या मुलांना आवडणारच. आम्ही पुस्तकं वाटली आणि चौथ्या दिवशी एक बाबा कार्यालयात हजर. मोबाइलवर एकाच पानाचा फोटो. ‘हे तुम्ही मुलांना वाचायला देता?’ मुख्याध्यापिका माझ्याकडे पाहायला लागल्या आणि मी गडबडून भाषण द्यायला लागले, साहित्य, संवेदनशीलता, किशोरवय वगैरे. काहीही उपयोग झाला नाही. एका पानाच्या फोटोवर भाषणाचा काय परिणाम होणार? बाकीची पानं समोर असतील तरच बोलता येतं. माझ्याकडे त्या दिवशी जादा प्रत नव्हती, सगळ्या वाटून टाकल्या होत्या.

शेवटी त्यांच्या मुलाचीच प्रत त्यांना दिली, पूर्ण वाचा, मग ठरवू म्हटलं. त्यांनी वाचली की नाही देव जाणे. पण घरात पुस्तक दहा दिवस पडून राहिलं आणि ते मुलाच्या आजोबांच्या हाती लागलं. बैठकीला बाबा आले नाहीत, आजोबा आले. जून 1975 ते मार्च 1977 या काळात ते स्वतः शाळेत होते. मुलांनी विचारलं, ‘आणीबाणी म्हणजे नेमकं काय होतं? शाळा बंद होत्या का?’ आजोबा म्हणाले, शाळा नेहमीसारखी चालायची, गाड्याही वेळेवर यायच्या, आणि आमच्या घरी जेवताना आवाज खाली करून बोलायचे. का ते आम्हाला सांगत नसत. मुलं गप्प. मग दहावीतला एक जण म्हणाला, ‘म्हणजे पुस्तकातल्या मुलांना पण अर्धंच कळतं ते यामुळेच.’ आजोबांचा दुसरा खडू हातातच राहिला.

मोठी माणसं कट्ट्यावर हवीत ती यासाठी. ते दिवस त्यांनी पाहिलेत, ते त्यांनी सांगावं. मुलांचं म्हणणं बरोबर की चूक, हे ठरवायला आमच्याकडे वर्ग आहेत.

तेव्हा आता पुस्तक जाहीर करायच्या आधी दोन प्रती पालकांसाठी वेगळ्या काढून ठेवते आणि घरी चिठ्ठी जाते, पुस्तकात काय आहे ते सरळ शब्दांत लिहून. ‘किशोरवयीन भावविश्व’ असलं काही नाही. ‘यात शिव्या आहेत, एका मुलाला एक मुलगी आवडते.’ त्यानंतर फोटो घेऊन कुणी आलेलं नाही.

बाकीच्या चुका, पटापट

15 ऑक्टोबरला उद्घाटन. वाचन प्रेरणा दिन आहे, फलक लागतो, फोटो निघतात, सगळं खरं. पण तेव्हाच सहामाही असते आणि मग दिवाळीची सुट्टी. नोव्हेंबरात मुलांना कट्टा आठवतही नाही. जुलैत, पुस्तकांना कव्हरं घालून झाली की सुरू करा.

आपल्या लहानपणचं पुस्तक त्यांच्यावर लादणं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मला जीव की प्राण, पण नववीतल्या मुलाला तो धाकट्या भावाचा वाटतो. पुस्तक मुलांनी निवडायचं. मी फक्त चार नावं ठेवते, म्हणजे थोडी लबाडी करतेच.

इंग्रजी माध्यमाच्या मुलांना पहिल्याच महिन्यात ‘वनवास’ देणं. ही माझी चूक. प्रकाश नारायण संतांच्या या पुस्तकातला लंपन मला इतका आवडतो की बेळगावकडची ती कानडी वळणाची मराठी मुलांना जड जाईल हे डोक्यातच आलं नाही. ‘पण ही कादंबरी नाही, कथा आहेत,’ असंही एका काकूंनी ऐकवलं, आणि ते बरोबर होतं. आता ते पुस्तक चौथ्या-पाचव्या महिन्यात घेते आणि पहिली दहा पानं मीच मोठ्यानं वाचते. कानावर पडली की ती भाषा पटकन सोपी होते.

तीन प्रती आणि वीस वाचक. आधी प्रती, मग घोषणा. अप्पा बळवंत चौकात दोन चकरा मारा, जुन्या पुस्तकवाल्यांना विचारा. ग्रुपवर फुकटची पीडीएफ फिरवायची असेल तर मला बोलवू नका.

आई-मूल शेजारी शेजारी. मूल बोलायच्या आधी आईकडे बघतं. टेबलाच्या एकाच बाजूला, पण मध्ये चार जण ठेवून बसवा, म्हणजे नजरानजर होत नाही.

सगळ्यांनी एकमेकांना नावानं हाक मारायची असं एकदा ठरवून पाहिलं, समानता म्हणून. सदुसष्ट वर्षांच्या माणसाला एकेरी नावानं बोलवायचंय म्हटल्यावर मुलांनी बोलणंच बंद केलं. काका-काकू-आजोबा ठीक आहे.

प्रमाणपत्र, गुण, हजेरी: नको, नको आणि नको.

वडापाव नंतर द्या. तेलकट बोटांचे ठसे पानावरून जात नाहीत.

उशिरा परत आलेल्या पुस्तकाला दंड. लावू नका, पण नुसतं सोडूनही देऊ नका, विचारा. यंदा ‘पाडस’ची एक प्रत दोन महिने परत आली नाही. मुलाला थांबवून विचारलं तर म्हणाला, ‘मॅडम, आजी वाचतेय. दुपारी चारच पानं वाचते, मग डोळे दुखतात.’ म्हटलं, मग पुढच्या शनिवारी आजीलाच घेऊन ये. दुसऱ्या दिवशी निरोप आला, पुस्तक संपल्याशिवाय येणार नाही म्हणून.