मुलाची पहिली स्की: माप पुण्यातच घ्या

गुलमर्ग किंवा औलीला निघताना पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी स्की विकत घेऊ नका. पुण्यात ती माळ्यावर पडून राहील आणि पुढच्या हिवाळ्यात आखूड होईल. तिथेच भाड्याने घ्या.

आधी बूट. मुलाची टाच भिंतीला टेकवा आणि सर्वांत लांब बोटापर्यंत मोजा. पाऊल 17.5 सेंमी असेल, तर बुटाचा नंबरही 17.5. शाळेच्या बुटांसारखा 'वाढत्या अंगाचा' घेतलात की आत टाच उचलली जाते, मग मूल कितीही जोर लावो, स्की वळत नाही. आतला मऊ बूट काढून नुसत्या कवचात पाय घालून पाहा: बोटं पुढे टेकल्यावर टाचेमागे दोन सेंमीहून जास्त फट नको. प्रत्येक पायात पायमोजा एकच, पातळ लोकरीचा. दोन घातले की घड्या रुततात आणि पाय उलट जास्त गारठतात.

स्की उभी धरल्यावर टोक छाती ते हनुवटीच्या दरम्यान यावं. 110 सेंमी उंचीला साधारण 80 ते 90.

बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारी पकड, मुलाचं खरं वजन सांगून जाणकाराकडूनच लावून घ्या. फार घट्ट असेल तर पडताना स्की सुटत नाही, पाय पिळवटतो. बूट अडकवण्याआधी तळव्याचा बर्फ खरवडा.