‘गार्डन्स ऑफ द मून’ शंभर पानांतच सोडताय? या चुका टाळा

ही इंग्रजी कादंबरी म्हणजे स्टीव्हन एरिक्सनचं फॅन्टसीतलं पदार्पण, १९९९ सालचं. पुढे तिची दहा भागांची मालिका झाली आणि २०११ मध्ये संपली. आपल्याकडेही हौसेने ती सुरू करणारे भरपूर, पण शंभराव्या पानाच्या आसपास बहुतेकांचं गाडं अडतं. दोष दर वेळी वाचकाचाच असतो असं नाही. एरिक्सन मुद्दाम काही समजावून सांगत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रत्येक गोष्ट तिथल्या तिथे कळलीच पाहिजे हा हट्ट. सोलापूरकराला हे खरं तर जड जाऊ नये. पूर्व भागात मित्राच्या घरी गेलं की आजूबाजूला तेलुगू चाललेली असते; शब्द सगळे कळत नाहीत, पण कोण कोणावर चिडलंय ते बरोबर कळतं. इथेही तसंच वाचा. ‘वॉरेन’ म्हणजे जादूचा काहीतरी मार्ग, एवढ्यावर दोनशे पानं सहज निघतात.

दुसरी चूक बारीक, पण नडते ती हीच. प्रकरणाच्या डोक्यावरचं साल न वाचणं. प्रस्तावनेत गानोस पॅरन बारा वर्षांचा पोरगा आहे, तटावर उभा राहून शहरातला धूर बघतोय, सैनिक व्हायचं म्हणतोय. तिथे साल ११५४. पहिल्या प्रकरणात ११६१, आणि हाच पोरगा लष्करात अधिकारी. दुसऱ्यात ११६३, पेल शहराचा वेढा. हे आकडे ओलांडून पुढे गेलात, तर मधली नऊ वर्षं कुठे गेली हे शोधत मागची पानं चाळत बसाल.

नाव अडलं की मोबाईलवर शोधू नका. अर्धं नाव टाइप केलं की खाली आपोआप ‘मृत्यू’ जोडून येतो, मग वाचायचं काय उरलं? पुस्तकातच सुरुवातीला पात्रांची यादी आहे, गटवार लावलेली. तिचा फोटो काढून ठेवा. ई-बुकवर वाचणाऱ्यांनी तर नक्कीच, पानं मागे-पुढे करताना वैताग येतो.

तुकड्या-तुकड्यांनी वाचणंही इथे चालत नाही. हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसून कुर्डुवाडीपर्यंत दहा पानं आणि मग रील्स, असं केलं तर परतीच्या गाडीत कादंबरीतला व्हिस्कीजॅक कोण हेच आठवणार नाही. निदान एक प्रकरण एका बैठकीत संपवा.

आणि दहाही भागांचा संच आधीच मागवू नका. या पहिल्या भागाचं गद्य जागोजागी खडबडीत आहे. कादंबरी छापून येण्याच्या बरीच वर्षं आधी लिहिलेली, ते जाणवतं. ‘डेडहाऊस गेट्स’ हा दुसरा भाग कितीतरी सफाईदार आहे, पण तो त्या जगातल्या वेगळ्याच भूप्रदेशात, बहुतांश नव्या माणसांना घेऊन सुरू होतो. तेव्हा पात्रांची नवी यादी, नवा फोटो.