जुन्या फाइल मॅनेजरला सिस्टम फाइली का सापडत नाहीत : सपोर्टच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

सिस्टम सपोर्टच्या कामात नव्याने रुजू झालेल्यांकडे एक तक्रार लवकरच येते. एरर संदेशात एखाद्या सिस्टम फाइलचा पूर्ण पत्ता दिलेला असतो, विंडोजचा एक्सप्लोरर ती फाइल त्याच फोल्डरमध्ये दाखवतो, पण वापरकर्त्याच्या सवयीच्या जुन्या फाइल मॅनेजरमध्ये तोच फोल्डर उघडला की ती औषधालाही सापडत नाही. बहुतेक नवखे आधी लपवलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय तपासतात, मग अँटीव्हायरसवर संशय घेतात आणि शेवटी डिस्कच तपासायला घेतात. हा क्रम मी इतक्या वेळा पाहिला आहे की, हल्ली प्रशिक्षणार्थींना मी तो फाइल मॅनेजर 32-बिट (जुन्या धाटणीचा) आहे की 64-बिट (नव्या धाटणीचा), एवढेच आधी पाहून यायला सांगतो. विंडोज 7 मध्ये टास्क मॅनेजर 32-बिट प्रोसेसच्या (चालू प्रोग्रामच्या) नावापुढे तारा आणि 32 हा आकडा दाखवत असे. विंडोज 10 मध्ये तपशिलाच्या टॅबमध्ये स्तंभांच्या शीर्षकावर उजवी क्लिक करून ‘प्लॅटफॉर्म’ हा स्तंभ जोडावा लागतो.

64-बिट विंडोजवर सिस्टम लायब्ररींचे, म्हणजे अनेक प्रोग्राम वाटून वापरतात अशा तयार कोडच्या फाइलींचे (डीएलएल), दोन संच असतात. 64-बिट संच सिस्टम32 या फोल्डरमध्ये आणि 32-बिट संच सिसवॉव64 या फोल्डरमध्ये ठेवलेला असतो. आकडे उलटे वाटतात, पण त्यामागे व्यवहारी कारण आहे. असंख्य प्रोग्राममध्ये सिस्टम32 हा पत्ता कोडमध्येच थेट लिहिलेला होता. ते प्रोग्राम 64-बिटसाठी नव्याने कंपाइल केल्यावर (मूळ कोडवरून पुन्हा तयार केल्यावर) जसेच्या तसे चालावेत म्हणून मायक्रोसॉफ्टने ते नाव 64-बिट फाइलींकडेच राहू दिले. मग जुन्या 32-बिट प्रोग्रामचे गाडे अडू नये, यासाठी त्यांनी सिस्टम32 मागितले की त्यांना मुकाट्याने सिसवॉव64 मध्ये नेणारा एक मध्यस्थ बसवला. तो फाइल सिस्टम रीडायरेक्टर होय. एक्सपीची एक्स64 आवृत्ती 2005 मध्ये आली, तेव्हापासून सामान्य पीसीवर ही व्यवस्था आहे. विंडोज 11 ची 32-बिट आवृत्तीच निघालेली नाही, तरी 32-बिट प्रोग्राम त्यावर चालतात, त्यामुळे हा घोळ तिथेही कायम आहे.

एखाद्या हिशेबाच्या प्रोग्रामसाठी ही सोय उत्तम आहे, कारण त्याला फक्त योग्य डीएलएल मिळण्याशी मतलब असतो. फाइल मॅनेजरचे कामच मुळी डिस्कवर जे आहे ते दाखवण्याचे असल्यामुळे त्याच्या बाबतीत मात्र हीच सोय दिशाभूल ठरते.

हे पुस्तकातून वाचण्यापेक्षा एकदा स्वतः करून पाहावे. सिसवॉव64 फोल्डरमधील सीएमडी (आज्ञा टाइप करायचा प्रोग्राम) उघडा, तो 32-बिट असतो. त्यात सिस्टम32 मधील ड्रायव्हर्स या फोल्डरची यादी मागवा. नंतर नेहमीच्या, म्हणजे 64-बिट सीएमडीमध्ये तीच आज्ञा द्या. पहिल्या खिडकीत मोजक्याच नोंदी येतील, दुसरीत ड्रायव्हर फाइलींची लांबलचक यादी सरकत जाईल आणि एनटीएफएस व टीसीपीआयपी या दोन परिचित फाइली तिच्यातच दिसतील. आता दोन्ही खिडक्यांत बीसीडीएडिट (विंडोज सुरू होण्याच्या सेटिंग्ज दाखवणारी) ही आज्ञा द्या. 32-बिट खिडकी अशी आज्ञाच माहीत नसल्याचे सांगेल, कारण त्या प्रोग्रामची 32-बिट प्रत सिसवॉव64 मध्ये नसते. खरी गंमत पुढे आहे. ड्रायव्हर्समधील ईटीसी या उपफोल्डरातील होस्ट्स फाइलचा पूर्ण पत्ता देऊन ती उघडली, तर दोन्ही खिडक्यांत एकच मजकूर दिसतो. ईटीसी, कॅटरूट, ड्रायव्हरस्टोअर, लॉगफाइल्स, स्पूल अशा काही उपफोल्डरांना या वळवणुकीतून वगळलेले आहे. त्यामुळे ‘होस्ट्स तर उघडते, मग बाकीच्या फाइली कुठे गेल्या?’ असे कोणी विचारले, तर त्याला वेड्यात काढू नये; त्याचे निरीक्षण बरोबर असते.

यावरचा सरळ उपाय म्हणजे 64-बिट फाइल मॅनेजर वापरणे. टोटल कमांडरसारख्या जुन्या, लोकप्रिय प्रोग्रामची 64-बिट आवृत्ती 2012 पासून उपलब्ध आहे. जुनाच प्रोग्राम चालवणे भाग असेल, तर व्हिस्टापासून विंडोजने सिसनेटिव्ह नावाचा एक आभासी पत्ता दिलेला आहे. तो यादीत दिसत नाही, पत्त्याच्या चौकटीत स्वतः टाइप करावा लागतो आणि फक्त 32-बिट प्रोग्रामलाच उपयोगी पडतो. ज्यांना स्वतः प्रोग्राम लिहायचा आहे, त्यांना ही वळवणूक बंद करणारे फंक्शन मिळते, पण ते फक्त त्या थ्रेडपुरते (प्रोग्राममधील कामाच्या एका धाग्यापुरते) लागू होते आणि त्या काळात त्या थ्रेडवर डीएलएल लोड होण्यातही गडबड होऊ शकते. म्हणून काम होताच वळवणूक पूर्ववत करावी.

फाइल न दिसण्यापेक्षा ती चुकीच्या जागी जाणे मला अधिक घातक वाटते. 32-बिट मॅनेजरमधून एखादी 64-बिट डीएलएल सिस्टम32 मध्ये कॉपी केली, तर ती प्रत्यक्षात सिसवॉव64 मध्ये जाऊन पडते, आणि मॅनेजर ती जागेवर असल्याचे छातीठोकपणे दाखवत राहतो. व्हर्च्युअलस्टोअरचा प्रकारही असाच आहे. मॅनिफेस्ट (कोणते अधिकार हवेत ते विंडोजला सांगणारी नोंद) नसलेल्या जुन्या 32-बिट प्रोग्रामने प्रशासकाच्या अधिकारांशिवाय प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायचा प्रयत्न केला, की व्हिस्टापासून पुढचे विंडोज ते लेखन वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरात वळवते, त्यामुळे ती फाइल जुन्या प्रोग्रामला दिसते आणि एक्सप्लोररला दिसत नाही.

मॅकवर कारणे वेगळी आहेत. मॅकओएसच्या कॅटालिना आवृत्तीने 2019 मध्ये सिस्टमसाठी केवळ वाचता येणारा स्वतंत्र व्हॉल्यूम (डिस्कचा विभाग) आणला, आणि 2020 च्या बिग सरपासून सिस्टम लायब्ररींच्या सुट्या फाइली डिस्कवर ठेवणेच बंद झाले. त्या एका सामाईक कॅशमधून (सगळ्या लायब्ररी एकत्र साठवलेल्या फाइलींतून) लोड होतात. तिथे फाइल खरोखरच नसते, तरी लायब्ररी असते. म्हणून लायब्ररी आहे की नाही हे पाहायचे असेल, तर पत्त्यावर फाइल शोधण्याऐवजी ती लोड करून पाहावी लागते.

नोकरीत हे ज्ञान सर्वाधिक उपयोगी पडते ते स्क्रिप्टच्या कामात. शेकडो संगणकांवर स्क्रिप्ट चालवणारा व्यवस्थापनाचा एजंट स्वतः 32-बिट असेल, तर त्याने सुरू केलेले पॉवरशेलही (विंडोजचा स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) सहसा 32-बिटच निघते. मग तुमच्या टेबलावर बिनचूक चाललेली स्क्रिप्ट तिकडे ‘फाइल नाही’ असा अहवाल देते. रजिस्ट्रीमध्येही (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातही) अशीच वळवणूक असल्यामुळे स्थापित असलेले सॉफ्टवेअर ‘स्थापित नाही’ या यादीत जाते. अशा स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच प्रोसेस 32-बिट असल्याची खातरजमा करून, तसे असल्यास सिसनेटिव्हच्या पत्त्यावरून 64-बिट पॉवरशेल सुरू करावे आणि तीच स्क्रिप्ट त्यात पुन्हा चालवावी. ही तपासणी न करता सिसनेटिव्हचा पत्ता सरसकट लिहून ठेवू नये, कारण उद्या एजंट 64-बिट झाला की त्याच्या दृष्टीने तो पत्ता अस्तित्वातच नसेल.