छोट्या ट्रॅक्टरचा पार्ट मिळत नसेल तर

माझं छोटं ट्रॅक्टर जुन्या मॉडेलचं. ऐन पेरणीच्या तोंडावर पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलं आणि डीलरनं हात वर केले. अशा वेळी बेअरिंग काढा, डिझेलनं धुवा, कडेवरचा नंबर वाचा. ६२०५ म्हणजे आतून २५, बाहेरून ५२, जाडी १५ मिलिमीटर. कंपनी कुठलीही असो, नंबर तोच तर माप तेच. मला ते लातूरला साध्या बेअरिंगच्या दुकानात मिळालं.

ऑइल सीलचंही, म्हणजे शाफ्टभोवती तेल अडवणाऱ्या रबरी कडीचंही, तसंच. नंबर पुसला असेल तर शाफ्ट आणि सीलची जागा व्हर्नियरनं (बारीक माप घ्यायच्या पट्टीनं) मोजा. स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवा. शाफ्टवर चर पडला असेल तर सील १-२ मिलिमीटर सरकवून बसवा, नाहीतर नवंही गळतं, आणि पुन्हा सगळं खोलायचं म्हणजे दिवस जातो.

बुश, म्हणजे शाफ्टभोवतीची धातूची नळी, मिळत नसेल तर लेथवाल्याकडून गनमेटलचा (तांब्याच्या मिश्रधातूचा) करून घ्या. जुना फेकू नका, मापाला लागतो.