आखाड्यावरचं सोलार: पॅनेलच्या आधी पंखा ठरवा

परभणी-हिंगोलीकडे आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या शेडवर, सोलार बसवायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "पॅनेल किती वॅटचं घेऊ?" सुरुवात तिथून करू नका. आधी रोजचा वापर कागदावर मांडा.

9 वॅटचे तीन बल्ब पाच तास म्हणजे 135 वॅट-तास. पंखा रात्रभर, दहा तास. साधा 75 वॅटचा असेल तर एकटा 750 खातो, 30 वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) असेल तर 300. मोबाइलचे 30 धरा. बीएलडीसी घेतला की बेरीज 465, साध्या पंख्याने 915. पंख्यावर जास्तीचे गेलेले पैसे पॅनेल-बॅटरीत वाचतात. पंखा, बल्ब थेट बॅटरीवर चालणारे 12 व्होल्ट डीसीचेच घेतले तर इन्व्हर्टर लागतच नाही. तो नुसता चालू राहिला आणि 10 वॅट खात बसला, तरी दिवसाला 240 वॅट-तास जातात. विहिरीची मोटार मात्र यात धरूच नका, तिची व्यवस्था वेगळी.

पॅनेलचा हिशोब उन्हाळ्याचा नको, आषाढ-श्रावणाचा करा. तेव्हा पूर्ण ताकदीचं ऊन दिवसाला चारच तास धरावं. धूळ, उष्णता, चार्जिंगमधली घट मिळून तीसेक टक्के जातात, म्हणून 465 भागिले 0.7, म्हणजे सुमारे 665. भागिले चार, 166 वॅट. तरी 125 वॅटची दोन पॅनेलं समांतर जोडा, कारण 12 व्होल्ट, 150 एएचच्या (अँपिअर-तासांच्या) ट्युब्युलर बॅटरीला चार्जिंगला 15 अँपिअरच्या आसपास लागतात. कायम अर्धपोटी राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ती लवकर बसते. याच कारणाने रोज निम्म्याच्या खाली उतरवू नका. निम्मी म्हणजे 900 वॅट-तास, जवळपास दोन रात्री निघतात.

स्वस्तात मिळतं म्हणून 540 वॅटचं घरगुती पॅनेल साध्या पीडब्ल्यूएम कंट्रोलरला (पॅनेल आणि बॅटरीच्या मधे चार्जिंग सांभाळणारा डबा) जोडलेलं बऱ्याच ठिकाणी दिसतं. त्या पॅनेलचं व्होल्टेज 41 च्या आसपास, कंट्रोलर ते बॅटरीच्या 13 वर ओढतो, आणि 540 पैकी जेमतेम 170 वॅट हाती लागतात. अशा पॅनेलला जास्तीचं व्होल्टेज अँपिअरमध्ये बदलणारा एमपीपीटी कंट्रोलरच हवा. छोटं 36 सेलचं (12 व्होल्टच्या बॅटरीसाठीचं) पॅनेल असेल तर 20 अँपिअरचा पीडब्ल्यूएम पुरतो.

वायरवर मात्र काटकसर नको. पॅनेलपासून बॅटरी दहा मीटरवर असेल तर 2.5 चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरीत 14 अँपिअरला दोन व्होल्ट जातात. मे महिन्यात हे छोटं पॅनेल तापलं की त्याचे 18 चे 15 व्होल्ट होतात. त्यातून दोन गेले तर बॅटरीला लागणारे 14.4 येणार कुठून? लोक बॅटरीला दोष देतात, दोष वायरीचा असतो. 6 चौरस मिमी वापरा. पत्र्यावर पॅनेल चिकटवून बसवू नका, खाली वीतभर हवा खेळू द्या. तोंड दक्षिणेला, उतार 20 अंशांच्या आसपास. वावटळीत उडू नये म्हणून अँगल पत्र्याला नाही, खालच्या कैचीला (छताच्या सांगाड्याला) नटबोल्टने आवळा.

बॅटरीच्या प्लस टोकापासून वीतभर अंतरात 25 अँपिअरचा डीसी फ्यूज हवाच. जोडताना कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनेल. सोडवताना आधी पॅनेल. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घाला, बोअरचं क्षाराचं पाणी तिला मारतं. उन्हाळ्यात पातळी दर महिन्याला बघा.